एक नाही, दोन नाही

गुरुवारी बुएनोस आयरेसच्या बसने नवं कॅलेंडर आलं,
दफनसंस्थेचं, दरवर्षीसारखं फुकट.
खिळा तोच. जुनं उतरवलं तर मागे चौकोन उरला,
वर्षभर ऊन चुकवून राहिलेली तेवढीच भिंत.

आजोबांनी पोडोलियाहून आणलेल्या पोथीत शरद आहे.
खिडकीबाहेर बकाणनिंबाला जांभळा बहर.
इथे त्या झाडाला पाराइसो म्हणतात, म्हणजे स्वर्ग,
आणि त्याची फळं खाऊन शेजाऱ्यांची डुकरं मरतात.
सफरचंदं शीतगृहातली.
मध मागल्या उन्हाळ्याचा, तळाशी साखर धरलेला.
डाळिंबाचं विचारू नका, त्याला आत्ता कुठे पालवी.

हिशोब चंद्राचा. अमावास्या सरते
त्या संध्याकाळी तिश्री लागते;
आमचा दिवसही अंधारापासूनच सुरू.
एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून
बाबा वर्षाला ऋतूच्या दाव्याला बांधायचे,
पेन्सिलीने, वाण्याच्या बिलामागे.
खुंटा मात्र दुसऱ्याच्या अंगणात आहे, म्हणायचे.
चंद्राची कोरसुद्धा इथे उलट्या बाजूने उजळते.

मला मोजत नाहीत,
म्हणून मोजणं माझ्याकडे.
माणसं सरळ मोजू नयेत, दृष्ट लागते.
म्हणून सभागृहाच्या दारात उभी राहून, आजीसारखीच:
एक नाही, नेहेमियास शुस्टरमन, नव्या गुडघ्याचा.
दोन नाही, त्याचा धाकटा भाऊ आब्राशा.
एका पेरणीयंत्रावरून अकरा वर्षं
दोघे एकमेकांशी
एक नाही की दोन नाही.
तीन, चार, पाच नाही, ते मागच्या बाकावरचे ग्लेझर.
सहा नाही झोपलेला.
सात, आठ.
नऊ नाही, औषधवाल्याचा जावई,
ज्याने आल्या आल्या विचारलं, किती वेळ चालतं?

दहावा माझा मुलगा. रोसारियोहून निघाला होता,
बस रात्रभर कुठल्याशा पेट्रोलपंपावर पडून.
साडेदहापर्यंत थांबलो.
किल्ल्या सांभाळणारी रामोना किरोगा
रविवारी चर्चला जाते, पण इथलं तिला सगळं पाठ;
तिनेच बिस्किटांच्या डब्यातून शिंग काढलं,
पदराने नव्हे, एप्रनने पुसलं,
नेहेमियासच्या हातात दिलं.
दहा असोत नसोत, शिंग फुंकता येतं.
पहिल्यांदा नुसती हवा.
मग फाटका, लांब, जनावराचा आवाज,
आणि रुळांपलीकडची कुत्री एकदम गप्प.

प्रायश्चित्ताच्या आदल्या दिवशी
सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली.
ग्लेझरांनी माझी मागितली, कशाबद्दल ते त्यांनाही आठवेना.
शुस्टरमन बंधू एकाच नळावर हात धुऊन
दोन दरवाजांनी गेले.

पौर्णिमेला मांडव. खजुराच्या झावळ्या कोण आणणार?
स्वर्गाच्याच फांद्या तोडल्या, बहरासकट.
सूपमध्ये जांभळी फुलं पडत राहिली,
ती चमच्याने बाजूला सारत आम्ही जेवलो.
मुलगा आला होता. त्याला छपरातून तारे दिसले नाहीत;
फांद्या जास्त टाकल्यास आई, म्हणाला.

आठव्या दिवशी पावसाची प्रार्थना.
पाऊस तिकडे, समुद्रापार, ज्या जमिनीवर
आमच्यातल्या सहाजणांनी पाय ठेवलेला नाही.
इकडे गव्हात चीक भरतोय.
दहा नाही, माझा मुलगा, दाढी न केलेला,
आणि दहाही जण तिकडच्या ढगांना हाका मारत असताना
खिडकीच्या दक्षिणेला आभाळ हिरवट झालं,
गारांचा रंग तो, इथलं पोरही ओळखतं.

कुणी थांबलं नाही. आवाज मात्र उतरले,
जणू ज्याला मागतोय त्याने
पत्ता नीट ऐकावा.
तेवढ्यात आब्राशा बाकावरून जरा वाकला,
पोथीतून डोळे न काढता:
विमा काढलायस ना गव्हाचा?

नेहेमियासने पान उलटलं.
मी मोजायला लागले, उगाच, काहीतरी मोजायचं म्हणून.
पत्र्यावर पहिली टण्‌कन वाजली तेव्हा
तो म्हणाला, अर्ध्याचाच.